शिडी कोण धरणार?

(सहकारी साखर कारखान्यात वायरलेस यंत्रणा बसवणाऱ्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका)

डिप्लोमा झाला, कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलात, आणि मुलाखतीत ‘नेटवर्किंगचं थोडं येतं’ असं बोलून गेलात. त्या ‘थोडं’च्या भरवशावर चीफ इंजिनियर साहेबांनी हे काम तुमच्या गळ्यात घातलं आहे. उसाच्या यार्डातल्या वजनकाट्यापासून मुख्य ऑफिसपर्यंत नेटवर्क न्यायचं, डिस्टिलरीच्या टाक्यांमधली पातळी कंट्रोल रूमच्या पडद्यावर आणायची, आणि हे सगळं बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आत. अग्निप्रदीपन दसऱ्याला. आज गौरी जेवल्या.

केबलच का टाकत नाहीत, हे विचारू नका. दोन हंगामांपूर्वी टाकलेली फायबर यार्ड सपाट करताना जेसीबीच्या बकेटमधून वर आली. तिच्या आधीची उंदरांनी संपवली. तेव्हापासून कारखान्यात जमिनीखालच्या कशावरही कोणाचा विश्वास उरलेला नाही, आणि संचालक मंडळाच्या सभेत ‘हवेतून करा’ असा ठराव झाला आहे. त्या ठरावाची अंमलबजावणी म्हणजे तुम्ही.

यंत्राच्या खोक्यात एक पातळ पुस्तिका येते. तिच्यात धोक्याच्या सूचना जगातल्या बऱ्याच भाषांमध्ये असतात, मराठीत नसतात. ही मार्गदर्शिका त्या रिकाम्या जागेसाठी.

पायरी पहिली: लहरींची भीती घालवणे

खोका उघडताच गेटवरचा वॉचमन येऊन विचारील, “साहेब, ह्येनं डोकं दुखतं म्हणत्यात, खरं हाय का?” विचारताना त्याच्या कानाला मोबाइल असेल. त्याला नीट समजावून सांगा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे परवान्याशिवाय यंत्र चालवायचं तर त्याची ताकद जास्तीत जास्त १ वॅट. अँटेनाने एका दिशेला एकवटून ती फार तर ४ वॅटइतकी करता येते. मोबाइल टॉवरच्या लहरींसाठी तर भारताने २०१२ साली आपली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. चालू अँटेनाच्या पुढ्यात तोंड नेऊन उभं राहायचं नाही आणि पुस्तिकेत सेंटिमीटरमध्ये दिलेलं अंतर पाळायचं, एवढं पथ्य पुरे.

वॉचमनचं समाधान होणार नाही. त्याच्यानंतर टाइम ऑफिसचे कारकून येतील, मग कॅन्टीनवाला, मग चिमण्यांबद्दल यूट्यूबवर काहीतरी पाहिलेले शेतकी विभागाचे साहेब. झाडून सगळे लहरींबद्दल विचारतील. समोरच भिंतीला एक बांबूची शिडी टेकवलेली आहे, तिची तिसरी पायरी सुतळीने बांधलेली आहे, आणि तिच्याबद्दल एकही जण अवाक्षर काढणार नाही. या धंद्यात माणसं जातात ती उंचीवरून पडून, विजेच्या धक्क्याने आणि नको तिथे उडालेल्या ठिणगीने. लहरींनी गेलेला इन्स्टॉलर निदान माझ्या ऐकिवात नाही.

पायरी दुसरी: यंत्र निवडणे (ही तुम्ही यायच्या आधीच होऊन गेली आहे)

तीन कोटेशनं आली, सर्वांत स्वस्त पास झालं, माल स्टोअरमध्ये येऊन पडला. आता तुमच्या हातात फक्त तपासणं आहे. यंत्राला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची प्रकारमान्यता, म्हणजे ज्याला सगळे ‘ईटीए’ म्हणतात ती, आहे का बघा. कोणा संचालकांच्या मेहुण्यांनी दुबईहून आणलेलं यंत्र असेल तर त्यातलं देशाचं सेटिंग बदला, नाहीतर ते परक्या देशाच्या नियमांनी परक्या पट्ट्यात बोलत बसेल. आणि त्याला लागणारा करंट केबलमधून किती व्होल्टने द्यायचा हे दोनदा वाचा. २४ व्होल्टच्या यंत्राला ४८ व्होल्टचा साधा इंजेक्टर जोडला तर यंत्र एक बारीक वास सोडतं आणि तुमचा विषय पुढच्या सभेच्या अजेंड्यावर जातो.

पायरी तिसरी: पाहणी

सप्टेंबरात यार्ड रिकामं असतं. काट्याच्या केबिनवरून ऑफिसची गच्ची स्वच्छ दिसते, मधे फक्त दोन बाभळी आणि गवत. तुम्ही खूश होता. चीफ साहेबांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवता. इथे जरा थांबा.

दोन अँटेनांमधली लहरींची वाट ताणलेल्या दोरीसारखी नसते, ती मधे फुगलेल्या काकडीसारखी असते. एक किलोमीटर अंतर आणि २.४ गिगाहर्ट्झची लहर असेल तर या काकडीची मधोमध त्रिज्या साधारण साडेपाच मीटर भरते, ५.८ गिगाहर्ट्झला साडेतीन मीटरच्या आसपास. तिचा निदान साठ टक्के भाग मोकळा लागतो. म्हणजे नुसतं ‘पलीकडचं दिसतंय’ हे पुरत नाही, खालीवर बरीच हवा मोकळी लागते.

आता डोळे मिटून डिसेंबर आठवा. यार्डात ट्रॅक्टरच्या डबल ट्रॉल्या, त्यांवर रचलेला ऊस, बैलगाड्या, त्यांच्यामधून वाट काढणारे ट्रक. मिलच्या बाजूने वाफ. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे बगॅसचा ढीग. मे महिन्यात जिथे पोरं क्रिकेट खेळतात तिथे जानेवारीत तीन मजली डोंगर उभा असतो, आणि तो एका जागी राहतही नाही; लोडरवाला त्याला रोज थोडा पुढे ढकलतो. ढीग कुठपर्यंत येतो हे कोणत्याही नकाशात नाही. ते बगॅस यार्डच्या मुकादमाला माहीत असतं. त्याला चहा पाजा आणि विचारा. तो हात वर करून दाखवील, “हितनं तितवर, आन् ह्या खांबाच्या वर दोन माणसं.” हे माप टिपून घ्या आणि अँटेना त्याच्या वर न्या.

वर न्या म्हटलं की उंची आली, आणि उंची आली की कागद.

पायरी चौथी: परमिट

उंचीवरच्या कामाचं परमिट वेगळं, विजेच्या कामाचं वेगळं, ठिणगी उडेल अशा कामाचं वेगळं. तिन्ही सेफ्टी ऑफिसरकडे मिळतात. सेफ्टी ऑफिसर ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, फार जोरात असतात. त्या दिवशी बॅनर लागतो, शपथ होते, पेढे वाटले जातात. इतर दिवशी ते कॉलनीतल्या नळाच्या तक्रारीही बघतात, कारण कोणीतरी बघायलाच हवं. त्यांना शोधून काढा. परमिटवर सही सहज मिळते. सहीबरोबर माणूस मागा. जागा येऊन पाहा म्हणावं, वरून कोणी लटकला तर त्याला कोण, कशाने आणि किती मिनिटांत उतरवणार हा रकाना भरा म्हणावं. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाला मिनिटांचा हिशेब असतो, मांड्यांतले पट्टे रक्त अडवतात. परमिटच्या जुन्या गठ्ठ्यात त्या रकान्यात बहुधा ‘होय’ असं लिहिलेलं सापडेल.

पायरी पाचवी: वर जाणे

शिडीचा नियम सोपा आहे. चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर, वरचं टोक टेकणीच्या मीटरभर वर, आणि माथा बांधलेला. ॲल्युमिनियमची शिडी विजेच्या तारांच्या आसपास उभीसुद्धा करायची नाही. यार्डाच्या कडेने ११ केव्हीची लाइन गेलेली असते, आणि वीस फुटांची शिडी उभी नेताना माणूस जमिनीकडे बघतो, तारेकडे बघत नाही. बांबूच्या शिडीला स्टोअरमध्ये जमा करा. पावती घ्या, नाहीतर उद्या ती परत येईल.

हार्नेस मागितलात की स्टोअरकीपर कपाटातून एक कंबरपट्टा काढतील. तो चौकीदारासारखा नुसता नावाला असतो. पडणारा माणूस त्यात मधोमध मुडपतो. पूर्ण अंगाचा हार्नेस, दोन दोऱ्यांचा, धक्का शोषणारा, आयएस ३५२१ चा शिक्का असलेला, हाच मागा. दोन दोऱ्या यासाठी की एक काढून पुढे अडकवताना दुसरी अडकलेली राहावी.

हार्नेस घातला म्हणजे झालं, असं मात्र नाही. हिशेब करा. दोरी १.८ मीटर. धक्का शोषणारा पट्टा उसवत जाऊन आणखी पावणेदोन मीटरपर्यंत वाढतो. पाठीवरच्या कडीपासून तुमच्या पायांपर्यंत दीड मीटर. वर मीटरभर राखीव. म्हणजे हूक जिथे अडकवलाय तिथून खाली सहा मीटर मोकळे हवेत. काट्याच्या केबिनचं छत चार मीटरवर. तिथून पडलात तर हार्नेस ताणायच्या आत जमीन लागेल, आणि पंचनाम्यात ‘मयताने सुरक्षा पट्टा परिधान केला होता’ अशी नोंद होईल. अशा जागी आखूड दोरी, डोक्याच्या वरचा हूक, किंवा सरळ पाड. पाड बांधायला अर्धा दिवस जातो म्हणून कोणी बांधत नाही.

आता पत्रा. साखरेच्या जुन्या गोदामांवर सिमेंटचे पत्रे आहेत आणि उजेडासाठी मधे मधे पारदर्शक पत्रे बसवलेले आहेत. पंधरावीस वर्षांच्या धुळीने आणि काजळीने ते शेजारच्या पत्र्यांच्याच रंगाचे झालेत. खालून बघितलं तर उजेडाचा चौकोन दिसतो, वरून काही म्हणजे काही दिसत नाही. त्यामुळे छतावर चढण्याआधी आत जाऊन, मान वर करून, ते चौकोन मोजा आणि कागदावर काढून घ्या. वायरमन मामा सांगतील, “बोल्टच्या वळीवरनं चाला साहेब, खाली अँगल असतोय, आम्ही जलम काढला.” मामांचा जन्म खरंच त्यावर निघाला आहे, पण अँगल चार बोटं रुंद आणि तुमचा बूट अकरा नंबरचा. पत्र्यावर आडव्या फळ्या टाका आणि फळ्यांवरूनच चाला. फळ्या नसतील तर त्या दिवशी काम नाही.

वर चढण्याआधी आणखी एकदा मान वर करा. पाण्याची टाकी, चिमणी, डिस्टिलरीचा उंच कॉलम या आग्या मोहोळाच्या आवडीच्या जागा आहेत. ड्रिलचा आवाज त्यांना खपत नाही. उंचीवर, दोरीला बांधलेल्या अवस्थेत, मधमाश्यांपासून पळून जाण्याचं तंत्र अजून कोणी शोधलेलं नाही.

आणि शिडी कोण धरणार? हा प्रश्न कामाच्या दिवशी सकाळी आठला सगळ्यांसमोर मोठ्याने विचारा. “म्या हाय की साहेब, व्हा वर,” असं म्हणून एक खलाशी पुढे येईल. भला माणूस असतो. तुम्ही सहाव्या पायरीवर असताना त्याला मुकादम हाक मारतो, दहाव्या पायरीवर असताना त्याचा फोन वाजतो, आणि तुम्ही क्लॅम्पचा नट आवळत असता तेव्हा तो गेटवर सासऱ्यांना पास मिळवून देत असतो. त्याचा यात दोष नाही, एकाच वेळी पाच जणांचं ऐकायला त्याला शिकवलंय. म्हणून शिडीचा माथा बांधणं हे माणसावर सोडू नका. आणि खलाशाला उभं करायचं ते शिडीच्या बरोबर खाली नको. वरून पडलेला तेरा नंबरचा पाना हेल्मेट असलं तरी खांदा फोडतो. पाने दोरीने कमरेला बांधा.

पायरी सहावी: करंट

अँटेनाजवळच्या यंत्राला करंट नेटवर्कच्या केबलमधूनच जातो, ४८ व्होल्टच्या आसपास. तो जीव घेण्याइतका नसतो. पण शिडीवर ओल्या हाताला बसलेला छोटासा झटकाही हात सोडायला पुरतो. तेव्हा जोडणी खाली, करंट बंद ठेवून. केबल शंभर मीटरच्या आत. शंभर मीटर हा आकडा ताणायचा नसतो. एकशे चाळीसवर ‘चालतंय की’ म्हणून सोडलेली केबल पहिल्या पावसात चालायची थांबते.

हा करंट केबलमध्ये सोडणाऱ्या इंजेक्टरला मात्र २३० व्होल्ट लागतात, आणि खरी गंमत तिथे आहे. काट्याच्या केबिनमध्ये एकच प्लग आहे. त्यावर पंखा, शेगडी, मोबाइलचा चार्जर आणि गणपतीच्या फोटोवरचा लाल दिवा चालतो. तुम्हाला सुचवलं जाईल की सॉकेटच्या भोकात वायरची दोन टोकं घाला आणि काडेपेटीची काडी खुपसा, ‘तात्पुरतं’. साखर कारखान्यात तात्पुरत्या गोष्टींचं वय मोजू नये. काही तात्पुरत्या जोडण्या नोकरीत असत्या तर एव्हाना निवृत्त होऊन पेन्शन घेत असत्या. वेगळा एमसीबी, गळतीला तुटणारा आरसीसीबी, अर्थिंगसह तिसरी तार: यात सवलत नाही.

पॅनेलवर काम करताना ‘लाइन बंद केलीय’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. कोणती लाइन, कोणी, कुठून? स्विच खाली करा, त्याला तुमचं कुलूप घाला, किल्ली तुमच्या खिशात, पाटी तुमच्या नावाची. नंतर तपासणी. मामांच्या खिशातला पेनसारखा निऑन टेस्टर उजेडात लागला की नाही कळत नाही आणि आतून बिघडला तरी गप्प राहतो. दोन टोकांचा मीटर घ्या. आधी चालू लाइनवर लावा, मग बंद लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर. तिसऱ्या वेळी कशाला, असं मामा विचारतील. मधल्या वेळेत मीटरच मेला नाही ना, यासाठी.

आकाशातली वीज हा याचाच पुढचा भाग. उघड्या यार्डातला सर्वांत उंच लोखंडी पाइप आता तुमचा आहे. अँटेना वीजरोधकाच्या टोकापेक्षा खाली ठेवा, खांब जाड पट्टीने अर्थ करा, केबल इमारतीत शिरते तिथे सर्ज अरेस्टर बसवा, आणि मुख्य म्हणजे खांबाची अर्थ व इमारतीची अर्थ एकमेकांना जोडा. दोन वेगळे खड्डे ठेवले की वीज पडल्यावर दोघांच्या दाबात हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक तुमच्या नेटवर्क केबलमधून वाट काढतो. अर्थिंगचा खड्डा शोधून काढावा लागेल. मीठ-कोळसा घालून केलेला असतो, त्यावर झाकण असतं, झाकणावर तुळशीची कुंडी असते.

कंत्राटदाराची एक लकब लक्षात ठेवा. चिमणीवरून खाली येणाऱ्या वीजरोधकाच्या तांब्याच्या पट्टीला तो नेटवर्कची केबल टायने बांधत आणतो. दिसायला सुबक. पट्टी तयारच आहे, क्लॅम्पचे पैसे वाचतात. आकाशातली वीज ज्या वाटेने जमिनीत जाणार त्याच वाटेला त्याने तुमचा संगणक शेजारी बसवलेला असतो.

वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत वर चढण्याआधी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप बघा. वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिसरातल्या विजा ते दाखवतं. गडगडाट ऐकू आला की खाली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास खालीच. या अर्ध्या तासात चीफ साहेबांचा फोन येतो, हा निसर्गनियम आहे.

पायरी सातवी: डिस्टिलरी

इथे मार्गदर्शिकेचा सूर जरा बदलेल, माफ करा.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं धोरण आल्यापासून कारखान्यांचा बराचसा जीव डिस्टिलरीत अडकला आहे, त्यामुळे तिथे नेटवर्क हवंच असा आग्रह असतो. शुद्ध इथेनॉलची वाफ सुमारे १३ अंश सेल्सियसला पेट घेण्याजोगी होते. आपल्याकडे थंडीतल्या काही पहाटा सोडल्या तर हवा त्याहून गरमच असते. हवेत ३.३ टक्के वाफ झाली की मिश्रण पेटू शकतं, १९ टक्क्यांपर्यंत पेटत राहतं. म्हणून टाक्यांच्या, पंपांच्या आणि भरणीच्या जागेभोवती झोन आखलेले असतात: शून्य, एक, दोन. त्या आराखड्याची निळी प्रत डिस्टिलरी मॅनेजरांच्या टेबलाच्या काचेखाली असते. ती मागून घ्या आणि तुमचं यंत्र कोणत्या झोनमध्ये येतं ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

झोनमध्ये साधं यंत्र चालत नाही, कितीही चांगल्या डब्यात घातलं तरी. तिथे लागणारी यंत्रं वेगळी घडवतात. ज्वालारोधक पेटी, जिला सगळे ‘फ्लेमप्रूफ’ म्हणतात, ती वाफेला आत येऊ देते. आत स्फोट झाला तर तो आतच झेलते, आणि झाकणाच्या घासून सपाट केलेल्या फटीतून बाहेर पडणारी ज्योत थंड करते. तिच्या झाकणाला बारा बोल्ट असतील तर बाराही हवेत. अकरा बोल्टची पेटी म्हणजे नुसतं जड लोखंड. आणि अँटेनाची वायर बाहेर काढायला अशा पेटीला ड्रिलने भोक पाडलं, की तिचं प्रमाणपत्र त्या भोकातून बाहेर गेलं. ही मान्यता देणारी पेसो ही संस्था, पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेची, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तरी कारखान्यात तिचं नाव तपासणीची तारीख आली की मगच निघतं.

‘एवढ्याशा वायफायने काय पेटतंय’ असं कोणी म्हणालं तर त्याला जगदीशचंद्र बोस सांगा. १८९५ च्या सुमारास कोलकात्यात त्यांनी लोकांसमोर रेडिओलहरींचा प्रयोग केला तेव्हा लांबवरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. लहरी धातूच्या सांगाड्यांत ऊर्जा जागवतात, आणि डिस्टिलरी म्हणजे धातूचे सांगाडेच. म्हणून स्फोटक वातावरणासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात लहरींच्या ताकदीलाही मर्यादा आहे; इथेनॉल ज्या वायुगटात येतं त्यासाठी ती अँटेनाचा लाभ धरून ३.५ वॅट. वॉचमनला आपण वर ४ वॅटचा आकडा सांगितला होता. म्हणजे कायद्याने यार्डात चालणारं यंत्र, त्याच सेटिंगवर, डिस्टिलरीत बेकायदा आणि धोक्याचं ठरू शकतं. ही गोष्ट विक्रेत्याच्या प्रतिनिधीला विचारा. तो “मी कन्फर्म करून सांगतो, सर” म्हणेल आणि त्यानंतर त्याचा फोन लागणार नाही.

माझा सल्ला विचाराल तर झोनमध्ये शिरूच नका. पातळी मोजणारा प्रमाणित ट्रान्समीटर आत राहू द्या, त्याची केबल प्रमाणित ग्लँडमधून झोनच्या बाहेर आणा, आणि रेडिओ बाहेर मोकळ्यावर बसवा. चाळीस-पन्नास मीटर केबल जास्त लागेल. ‘हवेतून करा’ या ठरावाचा थोडा भंग होईल. होऊ द्या. आत जाताना मोबाइल, लॅपटॉप, ड्रिल, सगळं गेटवरच्या खणात ठेवा. संचालकांबरोबर पाहणीला जात असाल तेव्हाही. त्यांना खिशातला मोबाइल काढायला सांगण्याचं धैर्य तुम्हाला नसेल, तर त्या पाहणीच्या दिवशी रजा टाका.

पायरी आठवी: लोक काय काय मागतात

नेटवर्क उभं राहतंय हे दिसू लागलं की कल्पना सुचू लागतात. सर्वांत धोक्याची कल्पना मिल हाउसकडून येते: ऊस उतरवणाऱ्या क्रेनचं इमर्जन्सी बटण आता मोबाइलवर द्या. हसून टाळू नका, लेखी नाही म्हणा. थांबवायचं बटण तारेने जोडलेलंच हवं. वायरलेसवर ते द्यायचंच तर त्यासाठीची प्रमाणित यंत्रणा वेगळी असते, आणि तिचं तत्त्व असं की दुवा तुटला की यंत्र आपणहून थांबतं. तुमचं वायफाय दुवा तुटला की गोल चक्री फिरवत बसतं, आणि क्रेन पुढे जात राहते.

पासवर्ड बदला. खोक्यातून आलेलं यंत्र ‘ॲडमिन-ॲडमिन’ म्हटलं की कोणालाही आत घेतं. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने असेच न बदललेले मूळ पासवर्ड आजमावत जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. बदललेला पासवर्ड पेटीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवायचा मोह होईल. पेटीवर लिहायचं ते हे: करंट कोणत्या पॅनेलच्या कोणत्या एमसीबीवरून आला, बसवल्याची तारीख, खांबाच्या अर्थिंगचा खड्डा कुठे. पुढच्या वर्षी चढणारा मुलगा तुमच्यासारखाच नवा असेल.

ग्लँड घट्ट करा, वापरात नसलेली भोकं बुजवा. आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी पेटी, पण एक ग्लँड उघडा राहिला तर आत पाणी नंतर येतं, आधी पाल येते. केबल पेटीत वरून घुसवू नका. खाली एक झोळ देऊन खालून आत घ्या, पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं.

पायरी नववी: रात्री दोनचा फोन

मोळीपूजन पार पडतं. गव्हाणीत मोळी पडते, फोटो निघतात, वजनाची पहिली चिठ्ठी ऑफिसच्या प्रिंटरवर येते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. चांगल्या कामाचं एवढंच लक्षण. खरी परीक्षा डिसेंबरात, रात्री दोनला.

“साहेब, नेट गेलंय. साठ गाड्या खोळंबल्यात. शेतकरी तापल्यात.”

पहिला प्रश्न: इंजेक्टरचा हिरवा दिवा लागलाय का? केबिनमधल्या मुलाने मोबाइल चार्ज करायला त्याची पिन काढलेली असण्याची शक्यता फार मोठी आहे. दिवा लागला असेल तर इंजेक्टर बंद करून मिनिटभराने चालू करायला सांगा. तेवढ्यावर आलं नाही, तर बिघाड वर आहे.

आता तुमच्यावर सगळ्या बाजूंनी दाब येईल. शेतकी अधिकारी फोन करतील. काट्यावरचा कारकून म्हणेल की वजन हाताने लिहिलं तर लोक काटा मारला म्हणून ओरडतील, आणि ती भीती खोटी नाही. आपल्याकडे काटामारीवरून आंदोलनं झाली आहेत. मागून कोणीतरी म्हणत असेल, “त्या पोराला बॅटरी द्या, बांबूची शिडी हाय की स्टोअरात.” धुकं पडलेलं असेल, पत्रा दवाने ओला असेल, खलाशी दुसऱ्या पाळीचा असेल.

सांगा की काट्याचा आकडा नेटवर्कवर चालत नाही, तो काट्यावरच्या डिस्प्लेला जसाच्या तसा दिसतो. छापील नंबरांची तीन प्रतींची वही केबिनच्या खणात ठेवलेली आहे. ती तुम्हीच ऑक्टोबरात ठेवली आहे, नसेल तर आजच ठेवा. डिस्प्लेचं तोंड गाडीवानाकडे फिरवा, आकडा मोठ्याने वाचा, शेतकऱ्याची सही घ्या, एक प्रत त्याच्या हातात. गाड्या हलू लागतील. सकाळी आठला, ऊन पडल्यावर, परमिट काढून वर जाईन असं सांगा.

साहेब विचारतील, “आत्ता पाच मिनिटांचं काम नाही का?” आहे, म्हणा, आणि सकाळी आठलाही ते पाच मिनिटांचंच असेल. मग फोन ठेवून झोपा. पंधरा मिनिटांनी पुन्हा वाजेल. त्या वेळी वहीची दुसरी प्रत कोणाकडे द्यायची, एवढंच विचारायचं असतं.